समासातली ओळ

सोनकांबळे साहेब कुठल्याही गावात गेले की आधी विहिरीवर जायचे. सरपंच हार घेऊन चावडीपाशी उभा असायचा आणि साहेब विहिरीच्या काठावर ओणवे होऊन आत सुतळी सोडत असायचे. सुतळीला परसापरसावर गाठी मारलेल्या असत आणि टोकाला पितळी वजन. हात वर केलेला माणूस उभा मावेल तेवढी खोली म्हणजे एक परस. गाठी मोजून ते वहीत टिपत आणि पाणी भरणाऱ्या बायांना विचारत, "मायबाई, मागल्या साली या दिवसांत कुठवर होतं?" लोकांना ते पाणीपुरवठ्याचेच साहेब वाटत. खरं तर ते उद्योग खात्यात निरीक्षक होते.

लातूर जिल्हा नवा झाला होता. आमचं ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं, पाटीचा रंगही नीट वाळला नव्हता. मी तिथं तात्पुरत्या नेमणुकीवर टंकलेखिका म्हणून लागले. सोनकांबळे साहेब नांदेडकडचे, उमरीजवळच्या एका खेड्यातले. घरात शिकलेले ते पहिलेच. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सोडून खडी फोडायला गेलेले आणि मग पुन्हा शाळेत जाऊन बसलेले. बोलताना पुस्तकी मराठी वापरायचे, पण मनावर ताण आला की गावाकडची बोली तोंडात यायची. त्यावरून मला त्यांची काळजी ओळखू यायला लागली होती. दुसरी खूण म्हणजे टेबलाचा खण. ते कुलूप लावायचे, दोन पावलं जायचे आणि परत येऊन ओढून बघायचे.

नव्या जिल्ह्याला औद्योगिक वसाहत मिळणार होती. जागा दोन होत्या. एक रेल्वे स्टेशनकडची, दुसरी एका वजनदार पुढाऱ्याच्या गावाजवळचा माळ. या पुढाऱ्यांना सगळे भाऊ म्हणत. पाहणी करून अहवाल द्यायचं काम सोनकांबळे साहेबांकडे आलं, आणि नेमकं त्याच साली पावसानं दगा दिला.

माळाच्या पाहणीला टिपणं घ्यायला मीही जीपमधून गेले होते. माळाच्या पायथ्याला एक वस्ती होती आणि वस्तीची एकच विहीर. साहेबांनी सुतळी काढली तेवढ्यात एक म्हातारा पुढं आला.

"साहेब कुठले?"

"उद्योग खात्याचा."

"तसं न्हाई. आडनाव काय म्हनलं?"

"सोनकांबळे."

म्हातारा काठावरच घुटमळला. साहेबांनी वजन आत सोडलं. सुतळी जवळजवळ संपली तेव्हा कुठं तळाशी टप्प असा आवाज झाला. सुतळी वर ओढून त्यांनी तिचं ओलं टोक म्हाताऱ्याला दाखवलं. बोटभर ओल होती. "बाबा, बाटवायला तरी पाणी पायजे ना," ते म्हणाले. पाठीमागच्या बाया हसल्या आणि मग म्हाताराही ओशाळून हसला. जीपमध्ये बसल्यावर मात्र साहेब ओली सुतळी गुंडाळत बसले. मग म्हणाले, "बाई, एवढ्या पाण्यावर ही वस्ती जगून राहिली. आन् आपण तिथं कारखाने मांडायला निघालो."

मला वाटलं, आता ते सरळ नकार लिहितील. पण ते तसे नव्हते. "सरकारनं हात दिल्याबिगर मराठवाड्यात कोण शेठ येतोय?" हे त्यांचं नेहमीचं बोलणं. शिकून घरी बसलेल्या पोरांचे अर्ज ते स्वतः भरून द्यायचे, शेडसाठी, कर्जासाठी. वसाहत व्हावी असं त्यांच्याइतकं त्या ऑफिसात कुणालाच वाटत नव्हतं. माळाला नकार लिहिला, स्टेशनकडच्या जागेमागं भाऊंनी जोर लावला नाही आणि वसाहतच दुसऱ्या जिल्ह्याला गेली तर? होकार लिहिला आणि वस्तीची विहीर गेली तर? आठवडाभर ते कच्चा मसुदा लिहीत आणि फाडत राहिले.

एक दिवस भाऊ स्वतःच ऑफिसात आले. माणूस मोठा गोड. त्यांनी माझीही विचारपूस केली. मग साहेबांसमोर खुर्ची ओढून म्हणाले, "साहेब, तुम्ही उमरीचे. वसाहत नांदेडला जावी म्हणून तर अहवाल अडवून धरला न्हाई ना?"

साहेबांचा चेहरा उतरला. "भाऊ, मी एवढंच म्हणतो, आधी पाणी आणा. पुण्याकडं कारखाने काय आभाळातून पडले? रस्ता सरकारनं केला, पाणी सरकारनं दिलं, मग मालक आले."

"मला का ते कळत न्हाई?" भाऊ म्हणाले. "पण आधी पाणी मागितलं की मुंबईत फाइल झोपती. आधी फीत कापली, चार शेड उभी राहिली, की मग मागता येतं. नाव खराब होईल म्हणून तरी देत्यात. आमच्या भागाला असंच वढून घ्यावं लागतं, साहेब."

भाऊ गेल्यावर साहेब मला म्हणाले, "बाई, हा माणूस खोटं बोलून नाही राहिला. त्याचंच भ्या वाटतंय."

शेवटी त्यांनी अहवाल लिहिला. माळाची जागा चालेल असं त्यात म्हटलं होतं, पण शेवटी एक वाक्य होतं: पाण्याची योजना पूर्ण झाल्याशिवाय बांधकाम सुरू करू नये आणि वस्तीची विहीर वसाहतीसाठी घेऊ नये. मी चार प्रती टंकल्या. दुपारी ऑफिसचे प्रमुख असलेल्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "शेवटचं पान पुन्हा काढा. हे वाक्य गाळून. सोनकांबळे सही करतील, मी बोलतो." मी जागची हलले नाही, तसं ते सावकाश म्हणाले, "तुमच्या नेमणुकीची मुदत या महिन्यात संपते ना?"

मी पान पुन्हा काढलं. वाक्य गाळलं.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी सोनकांबळे साहेब सहीला बसले. शेवटच्या पानावर आले, थांबले, आणि माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली होती. मोठे साहेब दारात उभे होते. "बाईंच्या हातून एक ओळ राहून गेली वाटतं," सोनकांबळे साहेब म्हणाले. "पुन्हा टंकायला कशाला तरास?" आणि त्यांनी पेन उघडून चारही प्रतींच्या समासात ते वाक्य स्वतःच्या हातानं लिहिलं. प्रत्येक ओळीखाली सही केली. मोठे साहेब आत गेले.

महिन्याच्या आत त्यांची बदली झाली, थेट हिमायतनगरकडं, नांदेड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. धाकटी बहीण त्यांच्याकडे राहून दहावी करत होती, तिला इथंच नातलगांकडे ठेवून ते गेले. निघताना मी काही बोलणार, तर हातानंच मला थांबवून म्हणाले, "तुमची नोकरी ऱ्हायली न्हवं? बास."

माळावर फीत कापली गेली. रस्ता झाला, विजेचे खांब आले. बांधकामासाठी ठेकेदारानं वस्तीच्या विहिरीवर इंजिन बसवलं तेव्हा बाया विहिरीच्या काठावर ठाण मांडून बसल्या. कलेक्टर नवे होते. त्यांनी फाइल मागवली आणि समासातली ओळ वाचली. दोन दिवसांत इंजिन निघालं. विहीर वाचली. पण बांधकाम रखडलं, आणि तेलाचा जो मोठा कारखाना येणार म्हणत होते तो दुसरीकडे गेला. माळावर नळ आला, पण तोवर मी पदोन्नती घेऊन तिसऱ्या ऑफिसात गेले होते आणि शेडांचे पत्रे गंजले होते.

निवृत्तीनंतर साहेब कंधारला राहू लागले. भाचीच्या लग्नाला मी त्या गावी गेले तेव्हा त्यांना शोधत घरी पोचले. साहेब खूप थकले होते. मुलगा चाकणला एका कारखान्यात होता, सून-नातवंडंही तिकडंच. घरात दोघंच म्हातारा-म्हातारी. वहिनींनी चहा आणला. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी सांगून टाकलं की ती ओळ राहून गेली नव्हती, मी गाळली होती.

"ते माहीत होतं," ते म्हणाले. त्यांना त्याचं काहीच वाटलेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. "बाई, एक सांगा. माझ्या त्या ओळीनं वसाहत अडली का हो? भाऊचंच खरं असंल तर? शेड झाली असती, वरडून वरडून पाणी आलं असतं, तर आमचं पोरगं इथंच राहिलं असतं. गावंच्या गावं तिकडं गेली. त्यात माझ्या हाताचं किती, याचा हिशोब लागत न्हाई."

"साहेब, वसाहत ओळीनं नाही अडली. पाण्यानं अडली."

"हाव," ते मान डोलावत म्हणाले. मग अगदी हळू विचारलं, "पन ते पानी आणायचं कुणी होतं?"

विचारताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उत्तर माझ्याकडूनच हवं होतं. सगळा जन्म सरकारी नोकरीत काढलेली मी, मला उत्तर ठाऊक होतं. आपणच, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी कप खाली ठेवला, वहिनींना येते म्हटलं आणि निघाले.

त्याच वर्षी ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं.