पोरगी लंडनला, मंडई साकोलीत

"हाव जी" म्हणताना तो मान एका बाजूला टाकायचा आणि हात पुसायचा. फडकं जवळ असलं तर फडक्याला, नसलं तर शर्टाला. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच हे सगळं उरकलेलं असायचं.

माझं साकोलीत हायवेला लागून चपलांचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात तो जळालेल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा. धानाला पाणी हवं असायचं त्या दिवसांत सगळ्यांच्याच मोटारी एकदम जळायच्या.

"आजच पाहिजे गड्या."

"हाव जी."

"माझी आधी कर."

"हाव जी."

मग ही सगळी मंडळी वाट बघत माझ्या दुकानात बसायची, कारण त्याच्याकडे एकच स्टूल होतं आणि त्यावर तो बसायचा. बसल्या बसल्या काही जण चपला घ्यायचे. माझ्या धंद्याला त्याच्या स्वभावाचा हातभार लागला, हे मी नाकारत नाही.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुमची कामं कोण करतं, देव जाणे. एकदा त्यानं एकाच दिवशी दोन लग्नांत वाढायला यायचं कबूल केलं. एकीकडे वरण वाढलं, सायकल हाणत दुसरीकडे जाऊन मठ्ठा वाढला, आणि संध्याकाळी माझ्या घरी येऊन जेवला. दोन्ही मांडवांत त्याला कोणी "जेवायला बस" म्हटलं नव्हतं.

या सवयीचं मूळ त्याच्या मोठ्या भावात होतं. ते नाकाडोंगरीकडे शेती करतात. बाप लवकर गेला, तेव्हा त्यांनीच याला वाढवलं, काम शिकवलं, लग्न लावून दिलं. त्यांच्या शब्दाबाहेर हा कधी गेला नाही. ते बोलायला लागले की हा उभा राहायचा. फोनवर बोलायला लागले तरी उभा राहायचा.

त्याची एकुलती एक पोरगी नागपूरला शिकत होती. एक दिवस ती धावतच गाळ्यात आली. मी तिथंच होतो.

"बाबा, एका सेमिस्टरसाठी लंडनच्या कॉलेजात निवड झाली. शिष्यवृत्ती भेटली. जाऊ का?"

"हाव."

"लंडन, बाबा!"

"हाव ना. थंडीचं सेटर घेजो."

आम्हाला वाटलं, याला काही कळलेलं नाही. पण त्याला कळलं होतं. ती गेल्यावर त्यानं एक मोटार उलटी जोडली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

नागपूरच्या विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. पोरगी चौकशीला गेली, तेवढ्यात तिथला माणूस म्हणाला, काहीतरी काढा. यानं "हाव जी" म्हणून नवा कोरा जाड कोट काढला आणि चिन्नोर तांदळाची पिशवी तशीच आत राहू दिली. "थंडी तं कुठंही असते, भात भेटन का तिथं?" हे त्याचं म्हणणं. तांदूळ लंडनला गेले आणि कोट साकोलीला परत आला. त्याच्या बायकोनं डोक्याला हात लावला.

ते शहर इतकं महाग, की पोरगी भाव सांगायचीच नाही. आमच्या बाजारातल्या लोकांना मात्र दुसरं काही नको असायचं. "बेटा, चपलेवाले भाऊ इचारून राहिले, तिकडं चप्पल कितीले भेटते?" "बाबा, आवाज तुटून राहिला," म्हणून ती फोन ठेवायची. एकदा तिनं खोली दाखवली. त्यानं नीट पाहिली आणि मला म्हणाला, "आपला गाळाच आहे जी. शटर तेवढं नाही."

पहिला महिना ती रोज रडली. वर्गात तोंड उघडायची नाही, एकटीच पाव खायची. मग एक दिवस तिनं सगळ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात चिन्नोर शिजवला. वासानं तीन पोरी आत आल्या आणि जेवूनच गेल्या. त्यानंतर तिचा आवाज बदलला. एकदा म्हणाली, "बाबा, आज मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला."

तार गुंडाळता गुंडाळता त्यानं मला हे दिवसभर ऐकवलं. "हात वर केला म्हणे." गिऱ्हाइकांनाही ऐकवलं. कोणाला काही समजलं नाही, पण सगळे "वा वा" म्हणाले.

आणि मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे येतात, आणि खरं सांगायचं तर निम्मी लग्नं तिथंच जुळतात. मोठे भाऊ आले ते मुलाकडच्यांना सोबत घेऊनच. मीही जेवायला होतो. आत कोंबडीचा रस्सा उकळत होता, बाहेर ताटं मांडली होती.

"पोरगा नोकरीवर आहे," मोठे भाऊ म्हणाले. "तुळशीचं लगन झालं की उरकून टाकू. पोरीले बोलाव. तिकडचं शिकणं अर्धं राहिलं तं राहिलं."

तो उभाच होता. "हाव जी," म्हणाला.

आत त्याच्या बायकोची रश्शातली पळी थांबली. पोरगी आत्ता परत आली तर सेमिस्टर बुडणार, आणि एकदा लग्न झाल्यावर तिला पुन्हा कोण पाठवतं? हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

"आत्ताच लाव फोन," मोठे भाऊ म्हणाले. "समद्यांसमोर."

"हाव जी."

त्यानं फोन लावला, स्पीकर सुरू केला.

"बाबा! मंडई ना आज? मोठे बाबा आले का?"

"आले ना. बसले आहेत इथंच."

"का म्हणतात?"

त्यानं भावाकडे पाहिलं. शर्टाला हात पुसले. म्हणाला, "म्हणतात, पेपर चांगले लिहिजो. समदं पुरं करूनच येजो."

"खरंच? मले वाटलं होतं, मी इकडं आली म्हणून ते रागावतील. त्यांना माझा नमस्कार सांगा, बाबा."

"सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मोठे भाऊ उठले. पायात चपला घातल्या. पाहुणेही उठले. मंडईच्या दिवशी मांडलेल्या ताटावरून उठून जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तो गाडीमागे हायवेपर्यंत गेला, "दादा, दोन घास तं खा" म्हणत. गाडी थांबली नाही. परत येऊन त्यानं शर्टाला हात पुसले. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं. मी रस्सा वाढून घेतला.

संध्याकाळी पोरीचा पुन्हा फोन आला.

"मोठे बाबा जेवले का?"

"जेवले ना. दोनदा भात घेतला."

पोरगी सेमिस्टर पुरं करून आली. पुढं पुण्याला नोकरीला लागली, लग्नही तिनं तिच्या मनानं केलं. मोठे भाऊ पुन्हा त्या घरी आले नाहीत, लग्नालासुद्धा नाही. पोरीनं विचारलं की हा सांगायचा, त्यांचे गुडघे दुखतात.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. दुपारी गाळ्यात छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मोठे भाऊ आले. भराभर चालत आले, खांदा दिला, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ओसरीवर भिंतीला टेकून बसून होते. पोटात काही नाही. त्यांना जेवा म्हणायची कोणाची हिंमत होईना. पोरीनं ताट आणून त्यांच्यासमोर ठेवलं.

"मोठे बाबा, गुडघे कसे आहेत आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"बरे आहेत," ते म्हणाले.

"त्या मंडईले तुम्ही म्हणाले म्हणून मी पेपर पुरे केले. नाहीतर तुम्ही रागावाल म्हणून मी तं परत यायला निघालीच होती. बाबा नेहमी सांगायचे, त्या दिवशी तुम्ही खूश होऊन दोनदा भात घेतला."

मोठ्या भावांनी ताट जवळ ओढलं.

"घेतला होता बेटा," ते म्हणाले. "चांगला झाला होता भात."