रेकॉर्ड न केलेलं वाक्य

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचो. माझं काम कॉम्प्युटरवरचं. जे बिघडतं त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढाच माझा विश्वास. तरीही आज हे लिहितोय...

मी देवळाली प्रवरात राहतो. नोकरी सांभाळून एक प्लगिन बनवतो — वेबसाईटला जोडलं की तिच्यावरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड कुणीही उघडून बघावा. त्यातला आवाज कोल्हारच्या शमुवेल सरांचा. शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं, आता रिटायर झाले होते. घरी दार लावून ते सुटे शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करायचे आणि प्लगिन तेच शब्द जोडून वाचायचं. साठ्यात नसलेला शब्द गाळायचं.

प्रत्येक नवीन व्हर्जन आधी अकोले तालुक्यातल्या सुनंदाताई ऐकतात. त्या जन्मापासून अंध आहेत. बारीकशी चूकही त्यांच्या कानातून सुटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला.

"दादा, सरांचं घरातलं बोलणं राहिलंय मधी. तेवढं काढा."

"कसलं बोलणं?"

"बातमी वाचता वाचता थांबले. म्हणाले, विमल, एवढी खिडकी उघड. मग परत बातमी सुरू."

मी तीच बातमी लावली. काही नाही. ताईंच्या कॉम्प्युटरवरच्या फाइल्स मागवल्या, त्या माझ्याकडच्यांशी तंतोतंत जुळल्या. 'विमल' आणि 'खिडकी' हे शब्द तर साठ्यातच नव्हते. विमल हे सरांच्या बायकोचं नाव, पण ताई त्या दोघांना कधी भेटलेल्या नव्हत्या.

सरांना फोन केला. वाक्य सांगितलं नाही, फक्त विचारलं, "रेकॉर्ड करताना काकूंशी काही बोललात का?"

"दार लावलं की ती आत येतच नाही," सर म्हणाले. "तुझ्या कामात मी शुद्धलेखनासारखा कडक आहे, बाळा."

ताईंना ते पुन्हा ऐकू आलं नाही, म्हणून मी व्हर्जन रिलीज केलं.

पुढच्याच रविवारी सर गेले. हार्ट अटॅक.

माती झाल्यावर मी काकूंपाशी बसलो होतो. त्या आपणहून बोलायला लागल्या. "चर्चमधनं आले, खुर्चीत बसले. जीव घाबरतोय म्हनले. मग म्हनले, विमल, एवढी खिडकी उघड. खिडकी उघडीच हुती रे. मी पडदा सारला अन् वळले, तर..."

राहवलं नाही, मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत.

"तिला इचार," मग म्हणाल्या. "पुढं काय म्हनले? माजी पाठ हुती तिकडं."

मी अंगणात जाऊन सुनंदाताईंना फोन लावला. सर गेल्याचं सांगितलं, मग विचारलं.

"तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नाही, दादा," त्या हळूच म्हणाल्या. "त्या वाक्यानंतर नुसता श्वास होता. ओढून ओढून घेतलेला. मग तो थांबला. त्यानंतर बातमी सुरू झाली."

आत येऊन काकूंना म्हटलं, "काही बोलले नाहीत. शांत होते."

त्यांनी मान हलवली. खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर मी सगळा कोड ओळ न् ओळ तपासला, प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकलं. ओळखीच्या दोघांनीही वेगळं तपासून बघितलं. ते वाक्य कुठेच नाही. ते व्हर्जन अजून तसंच आहे, कोड सगळ्यांना खुला आहे... कुणाला कारण सापडलं तर कळवा, मला सापडलेलं नाही.

पुढच्या व्हर्जनसाठी नवे शब्द मी माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेत. सगळं तयार आहे. फक्त सुनंदाताईंना ते ऐकायला पाठवायचं धाडस अजून होत नाही.