साडभाऊंची इंजेक्शनं

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, माझ्याहून चार वर्षांनी थोरले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी साठी ओलांडली आणि अचानक ते तरुण दिसायला लागले. चाल बदलली, आवाज भरला, दंड शर्टाच्या बाहीत मावेनात. मी मात्र छातीत कळ येऊन गेल्यापासून जिनासुद्धा भीत भीत चढायचो.

त्या मे महिन्यात त्यांच्या पुतण्याची वरात आम्ही नागपुरातून भिवापूरला नेली. साडभाऊ बँडपुढे असे नाचले की तरुण पोरं बाजूला होऊन पाहत राहिली. मला सावलीत खुर्ची दिली होती. बायको घाम पुसत जवळ आली.

"भाऊजी पाहा कसे नाचून राहिले! अन् तुम्ही तर त्यायच्याहून लहान."

ती सहजच म्हणाली असेल. मला मात्र त्या पंगतीतलं जेवण गोड लागलं नाही.

परतल्यावर थोरल्या बहिणीनं माझ्या बायकोच्या कानात सांगितलेलं माझ्यापर्यंत आलं. इतवारीतला कोणी डॉक्टर साडभाऊंना पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं देत होता. ऐकून मला आधी बरं वाटलं. म्हणजे ही ताकद त्यांची नव्हतीच. तरी दुसऱ्याच दिवशी मी धंतोलीतल्या माझ्या डॉक्टरांसमोर जाऊन बसलो.

"मलेही ते इंजेक्शन सुरू करा."

"काहून? कशाची कमी वाटून राहिली तुम्हाले?"

आता काय सांगणार? "अशक्तपणा वाटते," मी म्हणालो.

"ज्याच्या शरीरात ते बनतच नाही, त्याले द्यावं लागते. तुमचं तसं काही दिसत नाही. त्यानं कधी अंगात पाणी धरते, रक्त घट्ट होते. अन् या वयात, अशा हृदयावर त्याचा काय परिणाम होईल, हे कोणालेच पक्कं माहीत नाही. मी देणार नाही."

रागारागात मी इतवारीच्या त्या दवाखान्यापर्यंतही गेलो. बाकावर साडभाऊच बसलेले दिसले, म्हणून तसाच मागे फिरलो.

दिवाळीच्या सुमारास त्यांचे पाय सुजले. बोलता बोलता धाप लागू लागली, आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. शेवटी त्यांना भरती केलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली, अंगातलं पाणी उतरवलं. रक्तदाब जुनाच होता. इंजेक्शनांनी किती बिघडवलं आणि आधीच किती बिघडलेलं होतं, हे त्यांनाही ठामपणे सांगता येईना.

बायको रोज त्यांच्यासाठी बिनमिठाचं जेवण करून न्यायची. दोन घास जास्त गेले की घरी येऊन आनंदानं सांगायची. माझ्या दुखण्यात हिनं एवढं केलं होतं का, हे मी आठवत बसायचो. केलं होतं. तरीही मी जळायचोच.

ते बरे झाले, पण अंग पार ओसरलं. एकदा संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसले असताना त्यांनी विचारलं, "तू काहून नाही घेतलं गा ते इंजेक्शन?"

"डॉक्टरनं देलं नाही."

"बरं झालं. वाचला तू." मग स्वतःशीच हसत म्हणाले, "पण सांगू का? ते वर्ष मस्त गेलं. सकाळी उठलो की कुठं जाऊ अन् काय करू, असं होऊन राहिलं होतं मले."

मी चहाचं सांगायच्या निमित्तानं आत गेलो.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, काठी टेकत का होईना. मीही जगलो, जिना सांभाळत. त्यांच्या त्या एका वर्षाचा हेवा मात्र अजून गेलेला नाही.