‘मला’ची तालीम
टाल्कम पावडरचा डबा उघडला की मला अमरावतीचं ते नाट्यगृह आठवतं. नाटकात मी पुण्याच्या घरातली म्हातारी आई होते, म्हणून माझे केस पावडर भरून पांढरे केले होते. माझा मुलगा झालेला पोरगा अकोल्याजवळच्या खेड्यातला. टपरीवर तो ‘मले कडक चहा पायजे’ म्हणायचा, आणि तालमीत आमचे दिग्दर्शक सर त्याच्याकडून ‘मला, मला’ घोटून घ्यायचे. शेवटच्या प्रवेशात मी मेलेली असते. त्या दिवशी प्रयोगात मी डोळे मिटून पडले होते, तर माझा हात धरून तो म्हणाला, “मले सोडून नको जाऊ वं माय.” वाक्य होतं, ‘मला सोडून जाऊ नकोस, आई.’ त्याची खरी आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. प्रेक्षकांत कोणी हसलं नाही. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानशिलावरची पावडर ओघळली. पडदा पडल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, “चुकलं सर.” एरवी पुस्तकासारखं बोलणारे सर त्याच्याच वऱ्हाडीत म्हणाले, “कावून चुकलं बाप्पा? तसंच राहू दे आता.” पुढच्या प्रयोगाला मी त्या ‘मले’ची वाट पाहत पडून राहिले. तो अगदी स्वच्छ म्हणाला, “मला सोडून जाऊ नकोस, आई.” आता माझे केस पावडरीशिवायच पांढरे झालेत. कधी बसस्टँडवर दिसले की तो लांबूनच हाक मारतो, “काय करून रायली वं माय?”