दोन्हीकडून बांधणारे सर

३ ऑगस्ट. सकाळपासून मी सरांनी प्रोग्राममध्ये बांधलेल्या जोडण्या एकेक करून सोडवत होते. सर मागच्या आठवड्यात पुण्याला गेले, घाण इथेच ठेवून.

पहिली घाण कीबोर्डशेजारच्या कागदी कपात. तोंडात कायम गुटखा, त्यामुळे निम्मी वाक्यं त्या कपात पडायची. कप उचलायचा कोणी, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

दुसरी प्रोग्राममध्ये. लातूरचं आमचं लहानसं ऑफिस होस्टेलांसाठी प्रोग्राम लिहितं. चाळिशीत मी नांदेडहून आले तेव्हा मला शिकवायला एकटे सरच तयार झाले, हे नाकारत नाही. "मॅडम, कंट्रोलर म्हणजे भटारखाना, खरा माल तिथं. कंपोनंट म्हणजे पडद्यावरचं ताट. ताटाची प्रॉपर्टी, म्हंजे त्यातली एकेक वाटी, कंट्रोलरला बांधली की आपोआप वाढून येतंय." इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

स्वतः मात्र ते सगळं दोन्हीकडून बांधायचे. पडद्यावर काही हललं की कंट्रोलरमध्येही तेच. मी म्हटलं, "म्हणजे ताटातलं उष्टं परत पातेल्यात."

"लई सोवळं तुमचं. बांधा दोन्हीकडून, डोक्याला ताप न्हाई."

गेल्या शनिवारी एका होस्टेलच्या रेक्टर काकूंनी रेणापूरच्या मुलीची नोंद उघडली, रिकाम्या खोल्या बघायला नुसते क्रमांक चाळले आणि मागे आल्या. नंतर दुसऱ्याच मुलीची नोंद सेव्ह केली, तेव्हा तो चाळलेला क्रमांकही सोबत पहिलीच्या नावावर सेव्ह झाला. रेणापूरच्या मुलीची खोली गेली, आणि चूक काकूंचीच धरून व्यवस्थापकांनी त्यांना घरी बसवलं. चूक कुठे आहे ते मला कळलं. सरांना फोन लावला.

"काकूनंच दाबलं असंल. वय झालंय. ऱ्हाऊ द्या की त्यांच्यावरच, आपलं नाव कशाला?" पलीकडे थुंकल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

आज संध्याकाळपर्यंत खोलीचा क्रमांक एकाच बाजूने बांधला. आता सेव्ह दाबल्याशिवाय कंट्रोलरला काही कळणार नाही.

४ ऑगस्ट. सकाळी लॅपटॉप घेऊन होस्टेलवर गेले. व्यवस्थापकांपुढे सरांचाच जुना प्रोग्राम उघडला. "कोणत्याही मुलीची खोली चाळा आणि मागे या. आता दुसरीची नोंद सेव्ह करा." त्यांनी केलं. पहिलीची खोली बदललेली होती.

"मी तर कायबी बदललं न्हाई," ते म्हणाले.

"काकूही हेच म्हणत होत्या. लावा त्यांना फोन, मी बसले आहे."