बसप्पाची सही

निंगव्वा आमच्या गावात कुणालाच आवडत नाही. मलाही नाही. दुधनीजवळच्या या गावात बारा वर्षं ती आशाताई म्हणून दारोदार फिरते, पण बोलणं असं की दार उघडणाऱ्यालाच पश्चात्ताप व्हावा.

यंदा चौदा वर्षांच्या मुलींसाठी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस आली, तीही फुकट. गावानं लगेच अक्कल पाजळली. पोरी वांझ होतात म्हणे! हे सांगत फिरण्यात सगळ्यांत पुढे बसप्पा, तुरीचा व्यापारी. त्याची चंद्रिका पुढच्या आठवड्यात पंधरा पूर्ण करणार होती. मग तिचं नाव यादीतून जाणार. संमतीच्या सहीसाठी निंगव्वा पाच वेळा गेली, पाचही वेळा त्यानं तिला हाकललं.

सहाव्यांदा ती आली तेव्हा दुकानात आम्ही चारपाच जण बसलो होतो. बसप्पानं कागद रस्त्यावर भिरकावला.

"आमच्या घरात असला घाणेरडा रोग कुणाला झालाय? पोरीचं लगीन मोडायचंय व्हय तुला?"

आम्ही हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

निंगव्वानं कागद उचलून पदरानं पुसला. बसप्पाची बायको भुवनेश्वरी तीन वर्षांपूर्वी अल्सरनं गेली, असंच सगळं गाव धरून चाललं होतं. तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेणारी, शेवटी तिचं हागणंमुतणं काढणारी निंगव्वाच. कुठं बोलायचं नाही, अशी बसप्पानं तिला शपथ घातली होती.

"तुमची भुवनेश्वरी ह्याच रोगानं गेली की, अण्णा," ती म्हणाली. "शपथ मोडली मी. आता सही करा."

बसप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं सही केली, कागद तिच्या अंगावर फेकला आणि पुन्हा दारात दिसलीस तर तंगडं मोडीन म्हणाला.

गुरुवारी लस घेतल्यावर चंद्रिका दंड धरून आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसली होती. त्या दिवशी दुकानाच्या आतल्या दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. निंगव्वानं पाण्याचा तांब्या पुढे केला. पोरीनं घेतला नाही.

"आई कशानं गेली म्हून मी तुमाला किती येळा विचारलं, मावशी," ती म्हणाली. "तीन वर्सं तुमाला ठावं व्हतं."

अख्ख्या गावाला तोंडावर सुनावणारी निंगव्वा त्या पोरीपुढे तांब्या धरून तशीच उभी राहिली.