नेरमार्गे बर्फाच्या किल्ल्याकडे

यवतमाळच्या स्टँडवर कंडक्टरची नजर माझ्या गठ्ठ्यावर पडली आणि प्रवासाची सुरुवात भांडणानं झाली.

"ताई, याचं लगेज लागन."

"पत्रकं आहेत. कापसाच्या भावाची. लोकांसाठीच आहेत."

"असतीन. पण वजन तर हायच ना?"

लगेज भरलं. ज्या सरकारविरुद्ध पत्रक काढलं त्याच सरकारच्या गाडीला त्याचं भाडं दिलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नेरचा रस्ता वेचणीच्या दिवसांत बघावा. दोन्हीकडे शेतं पांढरी झालेली, तुरी शेंगांनी वाकलेल्या, आणि बाया पोटाशी ओटी बांधून (वेचलेला कापूस टाकायचं फडकं) ओळीनं पुढे सरकताना दिसतात. खिडकीतून चित्र फार छान दिसतं. दिल्लीहून पॅकेज घेऊन येणारे साहेबसुद्धा ते खिडकीतूनच बघतात.

नेरच्या स्टँडवर गरम आलूबोंडा खाल्ला, चहा घेतला आणि बाजाराकडे निघाले. जिनिंगसमोर (कापसातून सरकी काढायचा कारखाना) कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. मी प्रत्येकाला पत्रक दिलं. दोघांनी वाचलं. एकानं घडी करून बुडाखाली घेतलं. "दगड थंडा हाय, बाई," तो म्हणाला. त्याच्यावर काय रागवायचं?

संध्याकाळी मावशीकडे पोचले. काम साधं होतं. मावसबहीण पल्लवीकडे कॉम्प्युटर आहे, तिच्याकडून नवं पत्रक टाइप करून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचं. पण घरात पाय ठेवला तर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, एका कचेरीत हेडक्लार्क. ते पेपरात तोंड घालून बसलेले. पल्लवी कॉम्प्युटरपुढे, डोळे सुजलेले. पडद्यावर हिमाच्छादित डोंगर आणि कातड्याचे कपडे घातलेला एक दाढीवाला.

मी बोलायला लागले. आमच्या चळवळीतल्या मंडळींना ती सवयच आहे. "बाहेर कापसाची ही गत अन् तू खेळ खेळून राहिली?"

"तुझ्या पत्रकात लोक भजे खातात, ताई," ती वळूनही न बघता म्हणाली. "माझं निदान कोणी पूर्ण बघते तरी."

जेवताना मावशीनं सगळं उलगडलं. पानात तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) आमटी आणि भाकर होती, त्यामुळे मी गप्प ऐकत होते. पल्लवी नुसती खेळत नाही, मॉड करते (मूळ खेळात खेळणाऱ्यांनीच घातलेली भर). मूळ खेळ जादूटोण्याचा आणि तलवारींचा. त्यातल्या वीराला भूक लागत नाही की थंडी वाजत नाही. परदेशातल्या कुणीतरी त्याला भूक, तहान, थंडी लावून दिली. पल्लवीनं हातानं वस्तू बनवायची सोय घातली: झाडाची साल सोला, दोर वळा, कापूस वेचा, पिंजा. पुण्यात खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीला ते आवडलं आणि त्यांनी तिला शिकाऊ म्हणून बोलावलं. काका म्हणत होते, बी.एड. कर.

"मी नाही म्हणालोच नाही," काका म्हणाले. "मी म्हणलं, ज्यानं जन्मात खेळ पाहिला नाही अशा माणसाला तुझं बनवलेलं समजलं पाहिजे. तू एक शब्द सांगायचा नाही. तो माणूस आपल्या अकलेनं खेळातल्या त्या डोंगरावरच्या किल्ल्यात पोचला, तर तू पुण्याला जा. नाही तर उद्या बी.एड.चा फॉर्म भर. असा माणूस आणायचा कुठून, एवढाच प्रश्न होता."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

सकाळी मी खुर्चीवर बसले. काका मागे पेपर घेऊन, पल्लवी पलंगावर ओढणीचं टोक दातात धरून. दुपारी लाईट जाते, त्याआधी पोचायचं होतं. मेले तर चालेल, मागे जिथे झोपले असेन तिथून पुन्हा निघायचं. विचारायचं मात्र नाही.

माझा प्रवास एका बंदरगावात सुरू झाला. चालायला शिकण्यातच बराच वेळ गेला. मी विहिरीभोवती फिरत राहिले आणि एका म्हातारीच्या अंगावर चढले. गाव मात्र सुंदर होतं. लाकडी घरं, धुक्यात बुडालेली नदी, लांब उत्तरेला दोन सुळक्यांच्या मधोमध किल्ला. लांब जायचं तर आपण काय करतो? ऊन चढायच्या आत निघतो. मीही अंधारातच निघाले आणि नदी ओलांडेस्तोवर थंडीनं मेले.

"काहून मेली?" काकांनी पेपर खाली केला.

"पहाटे निघाले म्हणून."

"पहाटेच तर निघावं लागते!"

"तिथे नाही लागत, काका." पल्लवीची ओढणी हलली, ती हसत होती.

दुसऱ्यांदा सूर्य वर आल्यावर निघाले. नदीतला मासा कच्चाच खाल्ला आणि पोट धरून पडले. तिसऱ्यांदा आधी चूल पेटवली. मग वाट एका पठारावर चढली आणि मी थांबलेच. समोर कपाशी होती! पाइनच्या जंगलाच्या कुशीत, आपली, बोंडं फुटलेली कपाशी. पल्लवीनं लावलेली. मी सगळी वेचली.

शेताच्या टोकाला व्यापारी होता. खेळात देवनागरी उमटत नाही, म्हणून पल्लवीनं त्याला रोमन अक्षरांत बोलायला शिकवलं होतं. तो म्हणाला, "कापूस ओला हाय. अर्ध्या भावानं घेतो."

माझं डोकं फिरलं. आमच्या बाजारातही भाव पाडायला हेच कारण काढतात. ऊन लख्ख, कापूस माझ्या डोळ्यांदेखत कोरडा! उत्तराला दोनच पर्याय होते, विका किंवा जा. मी "जा" दाबलं. परत आले, पुन्हा विचारलं. पुन्हा ओला. मी पडद्याशी मोठ्यानं भांडायला लागले. मावशी स्वयंपाकघरातून बघायला आली.

"विकून टाक ना," काका म्हणाले. "पुढं जायचं हाय का मोर्चा काढायचा हाय?"

"अर्ध्या भावात? नाही विकत!"

पल्लवीनं कपाळाला हात लावला. तिचा हिशोब मला नंतर कळला. कापूस विकायचा, पुढच्या झोपडीत फरचा झगा घ्यायचा, खिंड ओलांडायची. असा सरळ रस्ता तिनं आखला होता. ह्या जिल्ह्यातलं माणूस तिथं अडून बसेल, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

सगळा कापूस पोत्यात भरून, पाठीवर घेऊन मी चालत राहिले. ओझ्यानं पाऊल उचलेना. "तुमच्या आंदोलनासारखंच चाललं," काका म्हणाले. खिंडीच्या पायथ्याशी बर्फ सुरू झाला. झोपडीतल्या बाईकडे फरचा झगा होता, माझ्याकडे त्याच्यापुरते पैसे नव्हते. बाहेर पडले की अंग निळं पडायचं. तीनदा परत फिरले. पल्लवी आता हसत नव्हती. काकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि टेबलाच्या खणातून बी.एड.चा फॉर्म काढून गुडघ्यावर ठेवला.

मी झोपडीत शेकोटीपाशी बसले. शेजारी काम करायचं टेबल होतं. करायला दुसरं काही नाही म्हणून कापूस पिंजला. मग ह्याचं काय होतं ते बघितलं. गादीची खोळ भरा, असं आलं. त्याच्या खाली आणखी एक ओळ: पोतं भरा. कापूस आणला ते पोतं रिकामं होतंच. भरलं. टाके घातले. आणि अंगात घालता येतं का, म्हणून बघितलं.

आलं! माझा वीर फुगलेल्या उशीसारखा दिसायला लागला, पण बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला आणि निळा पडला नाही.

पल्लवी किंचाळली.

"बोलायचं नाही!" काका ओरडले.

"सांगून नाही राहिली, बाबा! मलेच माहीत नव्हतं हे!"

काका खुर्ची ओढून पुढे आले. "माहीत नव्हतं म्हणजे? तूच बनवलं ना?"

"मी पिंजण बनवलं, टाके बनवले. पोतं अंगात घालायचं त्या परदेशातल्या माणसानं बनवलं. आमची ओळखही नाही. ताईनं दोन्ही एकत्र केलं."

"म्हणजे रस्ता होता, पण कोणी आखला नव्हता," काका म्हणाले. फॉर्म त्यांच्या गुडघ्यावरून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

मी अर्ध्या खिंडीत असताना लाईट गेली. इन्व्हर्टर कण्हायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी आहे, घरात सगळ्यांना ठाऊक. काका उठले आणि त्यांनी पंखा बंद केला, मग स्वयंपाकघरातला दिवा. मावशी आतून ओरडली, "अवो, कणिक मळून राहिली मी!"

"अंधारात मळ," काका म्हणाले.

मी पोचले. किल्ल्याचं दार उघडलं. आत नुसती फरशी. भिंती नाहीत, छत नाही.

"इतक्यांदा मरून आले अन् आत काहीच नाही?" मी पल्लवीवर उखडले.

"पुढचं मले येत नाही, ताई," ती म्हणाली. "शिकावं लागन."

काकांची अर्ध्या दिवसाची रजा संपली. जेवले, ऑफिसला निघून गेले. पल्लवीनं माझं पत्रक टाइप करून दिलं, पण तिचे कान दाराकडेच होते.

त्या पत्रकात मी एक मागणी वाढवली. भाव द्या, हे आहेच; तो आमचा हक्क आहे. पण इतकी वर्षं व्यापाऱ्यानं पुढे केलेल्या दोन पर्यायांतच आम्ही भांडत बसलो. कापूस इथेच पिंजला, कातला, शिवला जावा, त्याचे कारखाने इथे काढा, हेही ठणकावून मागायला हवं. शेतकऱ्यानं पोतं घालून हिंडावं असं नाही म्हणत मी.

संध्याकाळी काका ऑफिसमधून थेट स्टँडवर आले. मला वाटलं, सोडायला आले. ते मला मागे टाकून चौकशीच्या खिडकीशी गेले आणि कचेरीतल्या आवाजात विचारलं, "पुण्याची गाडी इथून भेटते का अमरावतीहून घ्यावी लागते?" उत्तर घेऊन पुन्हा वाकले. "बायांच्या सीटमधली खिडकीची पाहिजे. पोरगी पहिल्यांदा एकटी जाऊन राहिली."

वळले तर मी समोर. "घरी मीच सांगतो," ते म्हणाले. "तू फोन नको करू."

गाडी सुटली. बाहेर वेचणी आटोपून बाया बांधाबांधानं घरी निघाल्या होत्या, डोक्यावर गाठोडी. ज्यांचं काम लोकांना गोष्टी ओरडून सांगण्याचं आहे, त्यांच्या पोटात बातमी राहत नाही. मोबाइल माझ्या हातात होता आणि पल्लवीचं नाव पडद्यावर सगळ्यात वर. यवतमाळ येईस्तोवर मी तो दोनदा पर्समधून काढला आणि दोनदा आत टाकला. शेजारच्या आजीनं विचारलं, "काय झालं वो बाई, एकटीच हासून राहिली?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि पत्रक द्यायचंही विसरले.